निरोगी गटातला रामअवध

माझ्या खोलीबाहेरच्या पाटीवर ‘वरिष्ठ तंत्र अधिकारी’ असे लिहिलेले होते. प्रत्यक्षात मी तीस वर्षे काचेची भांडी घासली. ही तक्रार नाही. आमच्या धंद्यात जो भांडी नीट घासतो त्यालाच कधीमधी काही खरे दिसते. बाकीच्यांना स्वतःच्याच हातची घाण दिसते आणि ते तिच्यावर शोधनिबंध लिहितात.

संपादकांनी मला ‘काशीतील मराठी स्त्रीचा विज्ञानप्रवास’ असा विषय सुचवला होता. माझा प्रवास बालाजी घाटाच्या गल्लीतून निघून चालत मुख्य रस्त्यापर्यंत, तिथून ऑटोने विद्यापीठापर्यंत आणि संध्याकाळी परत, इतकाच होता. त्यावर लिहिण्यासारखे म्हणजे रस्ता कुठे ना कुठे खोदलेला असे. तेव्हा तो विषय मी बाजूला ठेवला आहे. मला लिहायचे आहे ते रामअवधबद्दल. तो आमच्या प्रयोगशाळेतला अटेंडंट. त्याचा जबडा वाचू शकला असता. तो का वाचला नाही आणि त्यात माझा हात किती, हे एकदा सरळ लिहून टाकायचे आहे. पण त्यासाठी आमचा धंदा थोडा समजावून घ्यावा लागेल, आणि आमचे साहेबलोकही.

एखाद्या वस्तूवर लेसरचा एकरंगी झोत टाकला की बहुतेक सगळा उजेड त्याच रंगाचा परत येतो. अगदी थोडा, कोटीत एखादा किरण, रंग किंचित बदलून येतो. किती बदलला हे त्या वस्तूतल्या रेणूंवर ठरते. या बदलाचा आलेख काढला की कागदावर शिखरांची रांग उमटते. साखरेची रांग वेगळी, दारूची वेगळी, विषाची वेगळी. याला रामन पद्धत म्हणतात. पद्धत सुरेख आहे, फक्त तो बदललेला उजेड इतका क्षीण असतो की पदार्थ भरपूर असल्याशिवाय काही दिसत नाही. इथे आमची चांदी येते. डोळ्यांना तर सोडाच, साध्या सूक्ष्मदर्शकालाही न दिसणारे चांदीचे कण पाण्यात तयार करायचे आणि तपासायचा पदार्थ त्यांत मिसळायचा. दोन कणांच्या सांदीत एखादा रेणू अडकला की त्याची खूण लाखो पटींनी मोठी होऊन येते. थेंबभर पाण्यात पदार्थ नावालाही नसला तरी शिखर उभे राहते.

ही चांदी मी करायची. चांदीचे क्षार शुद्ध पाण्यात उकळायचे, त्यात सायट्रेट थेंबथेंब सोडायचे आणि तासभर ढवळत बसायचे. पाणी आधी पिवळसर होते, मग गढूळ, मग हिरवटाकडे झुकणारे करडे. कुठे थांबायचे हे पुस्तकात लिहिलेले असते आणि ते साफ चुकीचे असते. ते रंगावरून कळते, आणि रंग बघायला डोळे लागतात, पदव्या नाहीत. भांड्यात आदल्या वेळच्या साबणाचा अंश राहिला तर सगळी चांदी तळाशी काळी होऊन बसते. म्हणून आम्ही भांडी सोनेसुद्धा विरघळवणाऱ्या आम्लाने धुतो. आमच्याकडे मोठमोठ्या विद्यापीठांतून शिकून आलेले तरुण प्राध्यापक आले, त्यांनी स्वतः चांदी करून पाहिली आणि महिन्याभरात ‘दीदी, जरा आपके वाला दे दीजिए’ म्हणत माझ्या दाराशी आले. मी देत असे. जरा ताटकळत ठेवून देत असे.

या पद्धतीची खोड अशी की तिला सगळेच दिसते. हाताला लावलेले क्रीम दिसते, रबरी हातमोज्यावरची पावडर दिसते. जे शोधायला बसलात त्याच्या आधी, जे तुम्ही आणलेत ते दिसते. त्यामुळे हे यंत्र चालवणाऱ्याने मनातून नम्र असायला हवे. आता आमच्या विभागप्रमुखांची ओळख करून देते.

त्यांना सगळे गुरुजी म्हणत. बनारसमध्ये निम्म्या शहराला गुरुजी म्हणतात, पण हे स्वतःलाही तसेच मानत. गालात कायम पान. बोलताना मान थोडी वर करायचे, म्हणजे तोंडातला ऐवज सांडू नये. ते वर पाहून बोलत असल्यामुळे समोरच्याला वाटे की फार उंचावरचे काहीतरी चालले आहे. भाषणाची सुरुवात नेहमी एकच, की आपल्या पूर्वजांना हे सगळे माहीत होते, सुवर्णभस्म म्हणजे दुसरे काय. ते वर्तमानपत्रात आले तेव्हा एक वैद्य खरोखरच सुवर्णभस्माची पुडी घेऊन दारात उभे राहिले. त्यांना प्रमाणपत्र हवे होते. मी धातू ओळखणाऱ्या दुसऱ्या यंत्रावर तपासले. पुडीत शिसे होते, गंधक होते, सोने मात्र नव्हते. मी तसे सांगितल्यावर वैद्य माझ्याकडे दयेने पाहून म्हणाले, “सोना सूक्ष्म रूप में है, आपकी मशीन तक नहीं पहुँचेगा.” गुरुजींनी त्यांना चहा पाजला आणि त्यांच्याबरोबर फोटो काढून घेतला.

हे हसण्यावारी नेता येते. रोळीचे प्रकरण नेता येत नाही.

आपल्याकडे दसऱ्याला हत्यारे पुजतात तशी इकडे सप्टेंबरात विश्वकर्मा पूजा होते. कारखाने, गॅरेज, छापखाने सगळीकडे यंत्रांना टिळा लागतो. आमच्याकडे लेसरला लागायचा. मी दरवर्षी भिंगांवर आधीच टोप्या घालून ठेवत असे. त्या वर्षी गुरुजींच्या अंगात उत्साह जास्त होता. त्यांनी लेसरला टिळा लावला, संगणकाला लावला, चांदीच्या बाटलीला लावला आणि काचपट्ट्यांच्या उघड्या खोक्यालाही लावला. रोळी म्हणजे आपले कुंकू. स्वस्तातले असेल तर त्यात कापड रंगवायचा गुलाबी रंग असतो, आणि तो गुलाबी रंग आमच्या चांदीला इतका प्रिय की नव्या मुलांना यंत्र शिकवताना आम्ही तोच वापरतो.

पुढच्या आठवड्यात गुरुजींच्या सांगण्यावरून मी पंचगंगा घाटावरून गंगेचे पाणी भरून आणले, कारण मी जवळ राहते. त्या पाण्यात तो गुलाबी रंग सापडला. इतक्या कमी प्रमाणात तो कुणालाही सापडला नव्हता! गुरुजींनी वर्तमानपत्राला बोलावले. साडीचे रंगारी गंगेत विष सोडतात, अशी बातमी छापून आली. दोन दिवसांनी एक म्हातारे रंगारी विभागात आले, आलेखाकडे बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “साहब, ई रंग त हम लोग बरसों से छोड़ दिए हैं. कच्चा है, उतर जाता है.” गुरुजींनी त्यांना विज्ञान समजावून सांगितले.

मला शंका आली होती. मी नुसत्या शुद्ध पाण्याचा थेंब त्याच खोक्यातल्या पट्टीवर घेतला. गुलाबी. नवे खोके फोडले. काही नाही. मी दोन्ही आलेख गुरुजींच्या टेबलावर ठेवले. त्यांनी पाहिले, समजले, आणि समजल्यावर त्यांनी काय करावे? कोऱ्या पाण्याचा आलेख खणात टाकला.

“दीदी,” वर पाहत ते म्हणाले, “आप चाँदी उबालिए. मतलब निकालना हम पर छोड़िए.”

निबंध छापून आला. शेवटी आभाराच्या ओळीत माझे नाव होते. ते खोडून घ्या असे मी म्हटले नाही. घरी आले, यजमानांना सगळे रंगवून सांगितले, दोघे पोट धरून हसलो. मी त्या विभागात तग धरला तो असाच. मनातल्या मनात सगळ्यांना मूर्ख ठरवायचे, घरी जाऊन हसायचे आणि दुसऱ्या दिवशी चांदी उकळायची. ही सवय किती वाईट आहे हे मला फार उशिरा कळले.

आता रामअवध. पन्नाशी ओलांडलेला, सडपातळ, गंगेपलीकडच्या रामनगरहून सायकलने येणारा. प्रयोगशाळेत माझ्यानंतर भांडी नीट धुणारा तो एकटाच. परीक्षानळी धुतली की उजेडाकडे धरून एक डोळा मिटून पाहायचा आणि पाण्याचा एक थेंब जरी काचेला चिकटलेला दिसला तरी परत आम्लात टाकायचा. पीएचडीवाल्या मुलांना मी सांगायचे, सहा महिने रामअवधच्या हाताखाली काम करा, मग माझ्याकडे या. ती हसायची. जेवणाच्या वेळी मी त्याला माझ्या डब्यातली हिरव्या मिरचीची चटणी देत असे. “मराठी चटनी में दम है दीदी,” म्हणून चाटूनपुसून खायचा. पुढे एका वर्षी होळीनंतर त्याने ती नको म्हणायला सुरुवात केली. म्हणाला, “मुँह में लहरता है.” जळजळते. मी म्हटले, वय झाले तुझे. मग त्याच्यासाठी साधी भाजी आणू लागले. फार काळजी घेतली असे तेव्हा मला वाटले होते.

त्याच सुमारास गुरुजींना नवे अनुदान मिळाले. विषय, तोंडाचा कर्करोग थुंकीवरून ओळखणे. सुई नको, कापाकापी नको. रुग्णाने नळीत थुंकायचे, थुंकी चांदीत मिसळायची, लेसर टाकायचा, निदान हातात. कल्पना वाईट नाही. जगात पुष्कळ लोक ती प्रामाणिकपणे तपासत आहेत. बनारसमध्ये त्या रोगाचे रुग्णही शोधावे लागत नाहीत. हॉस्पिटलमधून नळ्या येऊ लागल्या आणि पहिल्याच आठवड्यात रुग्णांच्या आलेखांत एक उंच शिखर दिसले. श्वेता नावाची बलियाची मुलगी या विषयावर पीएचडी करत होती. ती धावत माझ्याकडे आली. “दीदी, मिल गया!”

मी तिला सांगितले ते इथे सांगते. ते शिखर थायोसायनेट नावाच्या पदार्थाचे. तो प्रत्येकाच्या थुंकीत असतो. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या थुंकीत जास्त असतो, कारण धुरातल्या विषाचा निचरा शरीर असाच करते. आणि चांदीला तो चटकन चिकटतो. म्हणजे रुग्णांत शिखर उंच होते, कारण ते बिड्या ओढत होते. तुम्ही कर्करोग ओळखत नाही आहात, बिडी ओळखत आहात, आणि बिडी ओळखायला लेसर लागत नाही, खिशाचा वास पुरतो. श्वेताचा चेहरा पडला. मुलगी हुशार होती, तिला पटले. ती गुरुजींकडे गेली. परत आली तेव्हा तिला पटलेले नव्हते.

रुग्णांशी ताडून पाहायला निरोगी गट लागतो. सुरुवातीला त्यात वसतिगृहातली विशीतली मुले होती. कुणीतरी आक्षेप घेईल म्हणून गुरुजींनी रुग्णांच्या वयाचे लोक मागवले. ते कुठून आणायचे? विभागातूनच. लेखनिक, चौकीदार, मेसचा महाराज आणि रामअवध. प्रत्येकाचा एक अर्ज भरायचा. त्यात एक प्रश्न होता, तंबाखूचे सेवन करता का?

हा प्रश्न बनारसमध्ये ज्याने छापला त्याला मी शहाणा म्हणणार नाही. इथे पान म्हणजे तंबाखू नव्हे. पान म्हणजे पान. त्यात सुपारी असते, कात असतो, चुना असतो आणि जर्दाही असतो, पण जर्दा पानातला झाला की तो पानच होतो. तंबाखू वेगळी मळून खाल्ली तर ती सुरती, ते व्यसन. चौकीदार म्हणाला, नाही. महाराज म्हणाला, राम राम, कधीच नाही. दोघांच्याही ओठांचे कोपरे लाल होते. रामअवधला श्वेताने विचारले तेव्हा मी तिथेच चांदी गाळत होते.

“तमाकू खाते हैं, रामअवध भइया?”

“नाहीं बिटिया. हम त पान खाते हैं.”

श्वेताने ‘नाही’वर खूण केली. दार उघडे होते आणि पलीकडच्या खोलीत गुरुजी पान भरलेल्या तोंडाने या निरोगी गटाची देखरेख करत होते. शिवाय रामअवध दिवसातून दोनदा गॅस सिलिंडरच्या शेडमागे जाऊन बिडी ओढतो हे मला माहीत होते. तिथे बिडी ओढायला सक्त मनाई, म्हणून तो ते कबूल करणार नव्हता. मी चांदी गाळत राहिले. मनात म्हटले, भरा अर्ज.

मग नमुना द्यायची वेळ आली. तोंड धुऊन, जरा थांबून, नळीत थुंकायचे. रामअवधला ते जमेना. नळीचे तोंड अरुंद, त्याचे ओठ पुढे येऊन थांबत आणि थुंकी हनुवटीवर ओघळे. “मुँह पूरा खोलिए न भइया,” श्वेता म्हणाली. तो म्हणाला, इतना ही खुलता है आजकल. मी वैतागून एक काचेचे नरसाळे आणून दिले. नरसाळ्यामुळे काम झाले. नळी भरली, चांगली भरपूर. श्वेताने नोंदीत लिहिले की व्यक्तीने नीट सहकार्य केले नाही.

त्या टेबलाभोवती आम्ही तिघे होतो. दोघींना कोट्यवधींत एक किरण ओळखता येत होता. समोरच्या माणसाचे तोंड उघडत नाही, हे आम्हा दोघींनाही दिसले, आणि आम्ही नरसाळे शोधले.

नमुना मी स्वतः चालवला. शिखर रुग्णांच्या शिखरांपेक्षाही उंच. श्वेताने दर माणसाचा एक, असे सगळे बिंदू एका नकाशावर मांडले. डावीकडे निरोगी लोकांचा निळा पुंजका, उजवीकडे रुग्णांचा लाल पुंजका आणि लाल पुंजक्याच्या अगदी मधोमध एकच निळा ठिपका. गुरुजींनी त्यावर बोट ठेवले.

“ये कौन है?”

“रामअवध भइया, सर.”

“सैंपल ख़राब हुआ होगा. हटाओ.”

तिथे मी उभी राहिले. फार दिवसांचे साठले होते. मी म्हटले, “गुरुजी, सैंपल ख़राब नहीं है. मैंने खुद किया है. ये आदमी बीड़ी पीता है, इसलिए वहाँ है. आपका सारा लाल गुच्छा बीड़ी का गुच्छा है.” गुरुजींनी वर पाहिले. मग खाली पाहिले, खिडकीशी जाऊन पिंक टाकून आले आणि शांतपणे म्हणाले, “तो फिर अर्ज़ी में झूठ लिखाया है. तब तो और भी हटाओ.”

मी जिंकले होते, असे मला वाटले. माझे म्हणणे शब्दशः खरे होते आणि ते आजही खरे आहे. ते शिखर बिडीचेच होते, त्यावरून रोग कळत नाही. इतकी मी खूश होते माझ्या बरोबर असण्यावर, की तो ठिपका म्हणजे एक माणूस आहे आणि तो माणूस पलीकडे नळ्या धुतो आहे, हे डोक्यात आलेच नाही. मी नमुन्यांच्या वहीत ‘दूषित’ असे लिहिले, सही केली आणि नळी मोरीपाशी नेऊन दिली.

“इसे फेंक के धो दो, रामअवध.”

त्याने नळीवरचा क्रमांक पाहिला. “ई त हमार है.”

“हाँ. ख़राब हो गया.”

“अच्छा,” म्हणाला, आणि स्वतःची थुंकी स्वतःच ओतून नळ तिच्यावर सोडला. मग नळी उजेडाकडे धरून पाहिली आणि पुन्हा एकदा धुतली.

घरी गेल्यावर मी यजमानांना गुरुजींची नक्कल करून दाखवली. ते हसले आणि मग म्हणाले, “ते खरं, पण त्या रामअवधची तबियत ठीक आहे ना?” 

“त्याला काय धाड भरलीय? बिड्या ओढतो, दुसरं काय,” मी म्हटले.

पुढचे सात-आठ महिने गुरुजींचे सोन्याचे गेले. निबंध छापून आला, अचूकतेचा आकडा शंभराला टेकलेला होता. न टेकून सांगतो कुणाला, न जुळणारे काढून टाकल्यावर! शाल मिळाली, श्रीफळ मिळाले. सत्काराला रामअवधने खुर्च्या मांडल्या. चहाबरोबर समोसे होते. त्याने समोसा कुस्करून, चहात बुडवून, बोटाने आत ढकलून खाल्ला. हे मी पाहिले, आणि म्हटले, चहात समोसा, काय माणूस आहे!

संक्रांतीच्या सुमारास तो यायचा बंद झाला. त्याच्या मुलीने फोन केला. गालाच्या आत जखम होती आणि ती जबड्याच्या हाडापर्यंत गेली होती. मी हॉस्पिटलमध्ये गेले. तिथल्या तरुण डॉक्टरबाईंनी मला दोन मिनिटांत शिकवले ते आमच्या साऱ्या प्रकल्पाने शिकवले नव्हते. आपल्या हाताची तीन बोटे उभी करून दातांच्या मधे घालून पाहायची. जात नसतील, तिखट सहन होत नसेल, तर उजेडात तोंड तपासून घ्यायचे. त्याला यंत्र लागत नाही. मी विचारले, सात-आठ महिन्यांपूर्वी आला असता तर? त्या म्हणाल्या, नक्की कोण सांगणार, पण बहुधा गालातला छोटा तुकडा काढून भागले असते. आता अर्धा खालचा जबडा काढावा लागेल.

काढला. त्यानंतर किरणोपचार झाले. रामअवध जगला.

हिशेब मांडायला मी बसलेली नाही, तरी एवढे म्हणते. गुरुजी मूर्ख नव्हते, ते लबाड होते. लबाड माणूस आपले पाहतो, त्याच्याकडून रामअवधने काही अपेक्षा केली नव्हती. श्वेता लहान होती, तिला पदवी हवी होती. मी मात्र मूर्ख नव्हते, लबाड नव्हते आणि मला सगळे माहीत होते. मिरची, बिडी, पान, न उघडणारे तोंड, सगळे माझ्या डोळ्यांसमोर होते. मी ते एका ओळीत मांडले नाही, कारण माझे सगळे लक्ष गुरुजी किती चूक आहेत यावर होते. तुच्छतेलाही वेळ लागतो, आणि तो वेळ मी रामअवधच्या वाट्याचा घेतला.

माझ्या निवृत्तीला महिना राहिला असताना श्वेता खाली मान घालून माझ्याकडे आली. प्रकल्पाचा दुसरा टप्पा सुरू झाला होता. उपचार झालेल्या रुग्णांची थुंकी हवी होती, आणि गुरुजींनी यादीत पहिले नाव रामअवधचे घातले होते. आता तो त्यांच्या नकाशावर योग्य जागी बसणार होता. “आप साथ चलेंगी दीदी? अकेले नहीं जाया जाएगा,” ती म्हणाली.

आम्ही पुलावरून ऑटोने रामनगरला गेलो. रामअवध अंगणात खाटेवर बसला होता. चेहऱ्याची उजवी बाजू आत गेलेली, गळ्याला गमछा. आम्हाला पाहून उठला, खाट झटकली. त्याचे बोलणे आता समजायला कठीण झाले होते, त्याची बायको मधूनमधून शब्द जुळवून देत होती. श्वेताने नळी काढली. त्याने ती सवयीने हातात घेतली आणि काय करायचे ते आम्ही सांगायच्या आधीच मान खाली घालून बसला.

काही आले नाही. बायकोने त्याच्यासमोर लिंबू कापून धरले. तो हुंगत राहिला, ओठ हलवत राहिला. किरणोपचारांनी तोंडातल्या ग्रंथी सुकतात, त्या पुन्हा पाझरतीलच असे नाही, हे आम्हाला माहीत असायला हवे होते. तो रात्रंदिवस घोट घोट पाणी पिऊन तोंड ओले ठेवतो, असे बायको म्हणाली. श्वेता म्हणाली, राहू द्या भइया. तो मानेनेच नाही म्हणाला आणि आणखी बराच वेळ प्रयत्न करत राहिला. मग कोरडी नळी त्याने दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली. त्याचे डोळे भरले होते. त्याला वाटत होते की त्याच्यामुळे आमचे काम अडले.

“माफ करिएगा दीदी,” तो म्हणाला. हे शब्द मला बायकोने सांगावे लागले नाहीत. “पहिले कहे होते, त नली भर के दे देते.”